गुळव्याची घाई

गुऱ्हाळ म्हटले की आपल्यापुढे निवांत चित्र उभे राहते. थंडीचे दिवस, ताजा रस, काईलीवरची वाफ, पोरांच्या हातात उसाचे कांडे. प्रत्यक्षात गुऱ्हाळाइतकी घाईची जागा शेतीत क्वचितच सापडेल. तोडलेला ऊस शिळा होऊ द्यायचा नाही. गाळलेला रस तसाच ठेवायचा नाही. काईल चुलवाणावर चढली की जाळव्याने जाळ मंदावू द्यायचा नाही आणि गुळव्याने ‘उतरवा’ म्हटले की चार माणसांनी क्षण न दवडता काईल ओढायची. ही घाई कशाची, असे गुळव्याला विचारले तर तो म्हणेल, “उशीर झाला की गूळ बिघडतो.” उत्तर बरोबर आहे. पण ‘बिघडतो’ या एका शब्दाच्या पोटात रसायनशास्त्राच्या इतिहासातले एक मोठे प्रकरण दडलेले आहे. रासायनिक अभिक्रिया किती वेगाने होते हे माणसाने पहिल्यांदा नीट मोजले, ते गुळव्या जिच्याशी रोज झगडतो त्याच अभिक्रियेवर. कोल्हापूरच्या गुळाचा इतिहास या बाजूने फारसा सांगितला जात नाही, म्हणून तो येथे सांगण्याचे आम्ही योजले आहे.

प्रथम ती अभिक्रिया पाहू. उसाच्या रसातली मुख्य साखर म्हणजे सुक्रोज. तिचा रेणू जोडरेणू आहे: ग्लुकोजचा एक रेणू आणि फ्रुक्टोजचा एक रेणू हातात हात घालून उभे असतात. पाणी आणि थोडे आम्ल मिळाले की हा हात सुटतो. पाण्याचा एक रेणू मध्ये शिरतो आणि एका सुक्रोजची दोन साध्या साखरांत फाळणी होते. डोळ्यांना काहीच दिसत नाही. रंग बदलत नाही, बुडबुडे येत नाहीत, साका बसत नाही. चवीतही सहज कळेल असा फरक पडत नाही. मग ही फाळणी होते हे कळले कसे?

ते कळले प्रकाशामुळे. फ्रान्समधील जाँ-बाप्तिस्त बिओ या शास्त्रज्ञाने दाखवले होते की साखरेच्या द्रावणातून ध्रुवित प्रकाश, म्हणजे एकाच प्रतलात कंप पावणारा प्रकाश, सोडला तर ते प्रतल उजवीकडे वळते. त्याच द्रावणात आम्ल घालून ते तापवले की हे वळण हळूहळू कमी होते, शून्यावर येते आणि शेवटी डावीकडे जाते. हे १८३० च्या दशकात लक्षात आले. कारण असे की फ्रुक्टोज प्रकाशाला जितके डावीकडे वळवते तितके ग्लुकोज उजवीकडे वळवत नाही. दोघांची बेरीज डावीकडे झुकते. वळण उलटते म्हणून या क्रियेला इन्व्हर्शन, म्हणजे ‘उलटणे’, हे नाव पडले. या मिश्रणाला आजही इन्व्हर्ट शुगर म्हणतात. नाव प्रकाशाच्या वर्तनावरून पडलेले आहे, साखर काही उलटीसुलटी होत नाही, हे वर्गात आवर्जून सांगावे.

हे वळण म्हणजे जणू अभिक्रियेला बसवलेले घड्याळच. ते प्रथम वापरले जर्मनीच्या लुडविग विल्हेल्मी याने. १८५० साली त्याने आम्ल घातलेल्या साखरेच्या द्रावणातील वळण ठरावीक वेळाने मोजले आणि त्यातून एक साधा नियम काढला: कोणत्याही क्षणी साखर जितकी शिल्लक असेल त्या प्रमाणात ती उलटण्याचा वेग असतो. साखर निम्मी झाली की वेगही निम्मा. ‘अभिक्रिया होते’ एवढे सांगून थांबणारे शास्त्र येथे पहिल्यांदा ‘किती वेळात होते’ हे सांगू लागले. विल्हेल्मीच्या या कामाकडे पुढे तीसेक वर्षे फारसे कुणाचे लक्ष गेले नाही, हेही नोंदवून ठेवण्याजोगे आहे. १८८९ साली स्वीडनच्या आऱ्हेनियसने तापमान वाढले की अभिक्रियेचा वेग कसा वाढतो याचे सूत्र मांडले. त्याचा मुख्य दाखला कोणता? पुन्हा उसाची साखर उलटणे. १९१३ साली मायकेलिस आणि मॉड मेंटेन यांनी विकरांच्या, म्हणजे एन्झाइमांच्या, कार्याचे गणित मांडले तेव्हा त्यांनी घेतलेले विकर होते साखर उलटवणारे इन्व्हर्टेज. तीन पायाभूत प्रयोग आणि तिन्हींत आपल्या गुऱ्हाळातलीच अभिक्रिया!

आता याच वर्षांत कोल्हापुरात काय चालले होते ते पाहू. मिरजेहून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आली १८९१ साली. शाहू महाराजांनी १८९४ मध्ये राज्यकारभार हाती घेतला आणि दुसऱ्याच वर्षी, १८९५ साली, स्टेशनाजवळ शाहूपुरीची व्यापारपेठ वसवायला घेतली. ही पेठ मुख्यत्वे गुळाची. पंचगंगा, भोगावती यांच्या काठची जमीन उसाला मानवणारी. पुढे महाराजांनी भोगावतीवर राधानगरीच्या धरणाचे काम हाती घेतल्यावर पाण्याचीही शाश्वती वाढत गेली. पूर्वी बैलगाड्यांनी घाट उतरणारा गूळ आता वाघिणींत भरून लांबच्या मुलखात जाऊ लागला. चरकही बदलत होते. लाकडी चरकाच्या जागी लोखंडी लाटांचा चरक आणण्याची सुरुवात बिहारमधील बिहिया येथे थॉमसन आणि मिल्न या दोघा इंग्रजांनी १८७० च्या दशकात केली आणि त्या धर्तीचे चरक हळूहळू देशभर पसरले. लोखंडी चरकाने रस जास्त निघतोच, शिवाय लवकर निघतो. हा दुसरा फायदा सहसा सांगितला जात नाही, पण आमच्या मते तो तितकाच महत्त्वाचा, कारण रस निघाल्या क्षणापासून घड्याळ चालू झालेले असते.

खरे तर ते त्याही आधी चालू होते. ऊस तोडला की त्याच्या पेशींतले इन्व्हर्टेज सुक्रोज फोडू लागते आणि कापलेल्या टोकांतून जंतूंचा शिरकाव होतो. म्हणून ऊस तोडल्यावर शक्यतो त्याच दिवशी गाळायचा. रस मुळातच किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारण ५.२ ते ५.४ असतो. उसात ॲकोनिटिक व इतर सेंद्रिय आम्ले असतात, त्यांचा हा परिणाम. म्हणजे साखर उलटायला लागणारे आम्ल बाहेरून आणावे लागत नाही, ते रसातच हजर आहे. राहिली उष्णता, ती आपणच देणार. आऱ्हेनियसच्या सूत्राने हिशेब केला तर ३० अंश सेल्सिअसवर जो वेग असतो तो १०० अंशांवर काही हजार पटींनी वाढतो. त्यापुढे दर दहा अंशांना सुमारे अडीच पट. गुळव्यापुढचा पेच हा असा आहे. पाणी आटवायचे तर रस उकळलाच पाहिजे. उकळला की साखर उलटते. साखर फार उलटली की फ्रुक्टोजमुळे पाकाला दाणा धरत नाही. मग गूळ ढेपेला बसत नाही, चिकट होतो, पावसाळ्यात हवेतले पाणी ओढून पाझरू लागतो. जाळव्याला मोठा जाळ कशासाठी हवा, हे आता कळेल. वेगवान अभिक्रिया थांबवता येत नसेल तर तिला वेळच कमी द्यायचा.

वेळ कमी करणे हा एक उपाय. दुसरा उपाय आम्ल कमी करण्याचा, आणि तो चुन्याचा. रस तापू लागला की त्यात चुन्याची निवळी घालतात. साखर उलटण्याचा वेग आम्लतेच्या प्रमाणात असतो आणि सामूची मोजपट्टी दहाच्या पटीची आहे. सामू ५.३ वरून ६.३ वर नेला की उलटण्याचा वेग एकदशांश होतो. मूठभर चुन्याने दहापट वेळ विकत घ्यावा असा हा व्यवहार! सामूची कल्पनाच मुळी डेन्मार्कच्या सोरेनसेनने १९०९ साली मांडली. गुळव्याला तिची वाट पाहावी लागली नाही. तो रसाचा रंग आणि मळीची फूट पाहून निवळी किती घालायची ते ठरवत होता. आणि चुना बेतानेच घालतो, कारण दुसऱ्या बाजूलाही खड्डा आहे. रस अल्कधर्मी झाला की ग्लुकोज आणि फ्रुक्टोज मोडून गडद तपकिरी पदार्थ तयार होतात. गूळ काळा पडतो. आम्ल जास्त तर चिकट, चुना जास्त तर काळा. या दोहोंमधली वाट अरुंद आहे.

चुन्याचे आणखी एक काम आहे. रसातल्या फॉस्फेटशी मिळून तो कॅल्शियम फॉस्फेटचा बारीक साका बनवतो आणि हा साका गढूळपणा पकडून ठेवतो. त्याच्या जोडीला भेंडी. रानभेंडीचे किंवा भेंडीचे खोड ठेचून पाण्यात कोळले की बुळबुळीत द्रव मिळतो. त्यातल्या लांबलचक शर्करासाखळ्या रसातल्या तरंगत्या कणांना गुंडाळतात. उष्णतेने रसातली प्रथिने साकळतात, तीही या जाळ्यात सापडतात आणि सगळे मळी होऊन वर येते. ही मळी रस खळखळून उकळण्याच्या आत झाऱ्याने काढायची असते. एकदा उकळी फुटली की मळी पुन्हा रसात मिसळते आणि मग ती काढता येत नाही. येथेही वेळच महत्त्वाची.

पाक घट्ट होत जातो तसा त्याचा उत्कलनबिंदू चढत जातो. मळी काढलेला रस शंभर अंशांच्या जरा वर उकळतो, काकवी १०५–१०६ अंशांना उतरवतात आणि ढेपेचा गूळ सुमारे ११८ अंशांना. या तापमानाला पाकात शंभरात तेरा-चौदा भागच पाणी उरलेले असते. म्हणजे तापमापी येथे उष्णतेबरोबर पाण्याचाही मोजमाप देते. ज्याच्याजवळ तापमापी नाही तो काय करतो? पाकाचा थेंब गार पाण्यात टाकतो आणि चिमटीत गोळी वळतो का पाहतो. गोळी काईलीच्या काठावर मारून तिचा आवाज ऐकतो. तापमापीने जे अंशांत कळते ते त्याला बोटांना आणि कानाला कळते. आम्हाला वाटते, द्रावणाचा उत्कलनबिंदू वाढतो हा धडा शिकवताना याहून चांगले उदाहरण आपल्या भागात शोधूनही मिळणार नाही.

गुळव्याला साखर अजिबात उलटायला नको असते असे मात्र नाही. चांगल्या गुळात सुक्रोजबरोबर शंभरात पाच ते पंधरा भाग उलटलेली साखर असतेच. तिच्यामुळे दाणा बारीक राहतो, गूळ खडीसाखरेसारखा टणक होत नाही. शिवाय याच ग्लुकोज-फ्रुक्टोजचा रसातल्या अमिनो आम्लांशी तापल्यावर संयोग होतो आणि खमंग वासाचे, सोनेरी-तपकिरी रंगाचे पदार्थ बनतात. भाकरीचा पापुद्रा, भाजलेले शेंगदाणे, तळलेला कांदा यांच्या वासामागेही अशीच अभिक्रिया असते. तिचे वर्णन १९१२ साली फ्रेंच वैद्यक-रसायनज्ञ मायार याने केले म्हणून ती त्याच्या नावाने ओळखली जाते. साखर मुळीच उलटली नाही तर पांढरी साखर मिळेल, गूळ नाही. अभिक्रिया थोडी होऊ द्यायची आणि वेळेवर आवरायची, असे हे काम आहे.

याच कोल्हापुरात त्या काळात मराठीतून रसायनशास्त्र लिहिणारा माणूसही राहत होता. बाळाजी प्रभाकर मोडक (१८४७–१९०६) हे राजाराम कॉलेजात विज्ञान शिकवत. रसायन आणि पदार्थविज्ञान या विषयांवर त्यांनी मराठीत पुस्तके लिहिली, तीही अशा वेळी की ज्या शब्दांनी शास्त्र सांगायचे ते शब्दच घडवावे लागत होते. कोल्हापूर आणि कर्नाटकातील संस्थानांचा इतिहासही त्यांनी लिहिला. एका बाजूला मराठी रसायनशास्त्र, दुसऱ्या बाजूला काही कोसांवर शेकडो काईली. आपण शिक्षकांनी स्वतःला विचारावे असा प्रश्न येथे आहे: त्यानंतरच्या शंभर-सव्वाशे वर्षांत शाळेच्या फळ्यावर काईल किती वेळा आली? साखरेवर सल्फ्युरिक आम्ल ओतून काळा कोळसा काढून दाखवण्याचा प्रयोग बहुतेकांनी पाहिलेला असतो. ज्यांच्या घरी गुऱ्हाळ आहे त्या मुलांनाही तो नवलाचा वाटतो आणि आपला बाप रोज करतो ते रसायन आहे हे त्यांना कुणी सांगितलेले नसते.

हे न सांगण्याची किंमत पडते, ती अशी. गुळाच्या सौद्यात रव्याची प्रत ठरते ती मुख्यतः रंगावर. कोल्हापूरच्या गुळाचे मोठे गिऱ्हाईक गुजरातेत आणि तिकडे पिवळाधमक गूळ चालतो. फिकट रव्याला भाव, गडद रव्याला पाडून मागणी. रंग फिकट ठेवण्याचे सरळ मार्ग आपण वर पाहिले: ताजा ऊस, मळी नीट काढणे, चुना बेताचा, जाळ मोठा. ते कष्टाचे आहेत. आडमार्ग एका भुकटीचा. तिला बाजारात ‘हायड्रॉस’ म्हणतात. रासायनिक नाव सोडियम डायथायोनाइट किंवा सोडियम हायड्रोसल्फाइट. ही भुकटी जोरदार क्षपणकारक आहे. कापड रंगवणाऱ्यांच्या ती नेहमीच्या परिचयाची. निळीच्या हौदात ती घातली की नीळ बिनरंगी, विरघळणारी होते; कापड बुडवून हवेत धरले की ऑक्सिजनने रंग परत येतो आणि धाग्यात पक्का बसतो. रंगाऱ्याला रंग परत यायलाच हवा असतो.

गुळात तीच क्रिया वेगळ्या हेतूने होते. हायड्रॉसने पाकातल्या रंगद्रव्यांचे क्षपण होऊन गूळ पिवळा दिसतो. पण रंगद्रव्य गेलेले नसते, झाकलेले असते. साठवणीत हवा लागत राहते आणि गूळ काही आठवड्यांत-महिन्यांत पुन्हा काळवंडतो. शिवाय मागे राहतात गंधकाची संयुगे. त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो आणि काही दम्याच्या रोग्यांना त्याचा त्रास होतो. म्हणूनच अन्नपदार्थांच्या नियमांत गुळातील सल्फर डायऑक्साइडला मर्यादा घालून दिलेली आहे. आता सौद्याचा विचार करा. सौदा होतो मिनिटांत, रंग परततो महिन्यांनी. विकणारा, दलाल आणि व्यापारी रवा पाहतात तेव्हा उलट अभिक्रियेला अजून अवधी असतो. ती पूर्ण होते गिऱ्हाइकाच्या डब्यात. शेतकऱ्याला यात सरसकट दोषी धरणे आम्हाला मान्य नाही. नुसत्या डोळ्यांनी भाव ठरत असेल तर डोळ्यांसाठीच गूळ बनेल. पण आज रसायनांवाचून केलेला गडद गूळ मुद्दाम मागणारे गिऱ्हाईकही आहे. त्या गुळाला भाव मिळण्यासाठी रंग म्हणजे शुद्धता नव्हे हे गिऱ्हाइकाला ठाऊक असावे लागते आणि ते ठाऊक करून देण्याची जागा शाळाच. (गडद रंगही शुद्धतेचा दाखला नव्हे, हेही लगोलग सांगायला हवे, जास्त चुना पडलेला किंवा करपलेला गूळही गडदच असतो.)

कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक उपदर्शनाची नोंदणी मिळाली. कोल्हापुरात ऊस व गूळ यांवर काम करणारे संशोधन केंद्रही आहे. उसाच्या वाणापासून चुन्याच्या मात्रेपर्यंत शिफारशी तेथून केल्या जातात. तरीही गेल्या काही दशकांत गुऱ्हाळे कमी होत गेली आहेत. ऊस साखर कारखान्यांकडे वळतो, मजूर मिळत नाहीत आणि गोळीच्या आवाजावरून पाक ओळखणारे जुने गुळव्ये थकत चालले आहेत. त्यांच्याकडचे ज्ञान लिहून ठेवण्याचे काम विज्ञानाचे शिक्षक आणि अकरावी-बारावीची मुले सहज करू शकतील. प्रत्येक आधणात चुना केव्हा, किती. मळी किती वेळा. उतरवताना तापमापी किती दाखवते. एवढे चार आकडे चार गुऱ्हाळांवर घेतले तरी वहीत बरेच काही जमेल.

वर्गात करण्याजोगे दोन प्रयोग सांगतो. पहिला विल्हेल्मीचाच, फक्त ध्रुवित प्रकाशाऐवजी बेनेडिक्टचे द्रावण वापरून. दोन परीक्षानळ्यांत साखरेचे सारखे द्रावण घ्यावे. एकीत थोडे सायट्रिक आम्ल घालावे आणि दोन्ही उकळत्या पाण्याच्या भांड्यात ठेवाव्यात. दर पाच मिनिटांनी दोन्हींतले काही थेंब वेगळे काढून, आम्लाच्या थेंबांत चिमूट खाण्याचा सोडा फसफस थांबेपर्यंत टाकून, बेनेडिक्टच्या द्रावणाबरोबर तापवावेत. साध्या साखरेचे थेंब निळेच राहतात. आम्लाच्या नळीतले थेंब मात्र आधी हिरवट, मग पिवळे, मग विटकरी होत जातात. लिंबाचा रस वापरू नये, त्यात स्वतःचीच थोडी क्षपणकारक साखर असते आणि मुले फसतात. तिसऱ्या नळीत साखर, आम्ल आणि चुन्याची निवळी घेऊन सामू सहाच्या वर नेला तर गुळव्याचा चुना काय करतो तेही दिसेल.

दुसऱ्या प्रयोगाला धीर लागतो. हंगामात बाजारातून फिकट पिवळा आणि गुऱ्हाळावरून खात्रीचा बिनरसायनी, असे गुळाचे दोन तुकडे आणावेत. काचेच्या दोन सारख्या बरण्यांत, तोंडाला पातळ फडके बांधून, तारीख लिहून ते वर्गाच्या कपाटात ठेवावेत. दर महिन्याला रंग आणि वजन यांची नोंद करावी. आषाढापर्यंत नोंद चालू ठेवली तर रंग केव्हा परततो आणि कोणता तुकडा हवेतले पाणी जास्त ओढतो, हे मुलांच्याच वहीत आकड्यांनी उतरेल.